वसंतराव नाही म्हणतात

पाळण्यात दोन कागद ठेवले होते, टाचणीने एकमेकांना जोडलेले. आक्कांनी पदर सावरला, पाळण्याशी वाकल्या आणि कागदाला कान असता तर जिथे असता तिथे तोंड नेऊन थांबल्या. मग मान वळवून मला म्हणाल्या, "सांग गं, काय करतंय ह्ये?"

मला नोकरीला लागून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. माझ्या मागे ऑफिसातले चौघे जण मुठी आवळून उभे होते. पुण्यातल्या कंपनीने एका सकाळी मला आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं होतं, त्यामुळे मी सांगलीत परत येऊन मिळेल ते काम धरलं होतं. ते काम असं असेल याची मात्र मला कुणी कल्पना दिली नव्हती.

"शीतगृहाच्या खोलीचं दार लागलंय का ते बघतं," मी म्हणाले.

"आन मग लावतं?"

"नाही. नुसतं सांगतं. लागलंय किंवा नाही लागलं."

"सोता कायबी करत न्हाई?"

"काहीच नाही."

"नुसतं हो म्हणायचं, न्हाईतर न्हाई म्हणायचं." आक्कांची खात्री पटली. "जावई हाय."

मग त्यांनी कागदाच्या कानात "कुर्रर्र" केलं, हळूच काहीतरी पुटपुटल्या आणि सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वसंतराव." त्याबरोबर चौघांनी त्यांच्या पाठीत बेताने बुक्के घातले. मला कुणीतरी कोपराने ढोसलं तेव्हा मीही एक घातला. अण्णांनी पाळण्याची दोरी ओढली आणि वहिनींनी घुगऱ्यांचं पातेलं आणलं. त्या दुपारी ऑफिसात कुणी कुणाच्या फार जवळ बसलं नाही.

त्या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. अण्णा म्हणजे दिनकर सूर्यवंशी, आमचे मालक. तासगाव रस्त्याला त्यांच्या घराच्या पुढच्या तीन खोल्यांत कंपनी होती आणि आम्ही पाच जण बेदाण्याच्या शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहायचो. कुठल्या खोलीत किती थंडी आहे, कुठलं दार उघडं राहिलंय, कुणाची पेटी कुठे आहे, असलं सगळं. वहिनी त्यांच्या बायको आणि आक्का थोरल्या बहीण, तेव्हा पासष्टीच्या. त्यांना संगणक चालू कुठून करतात हेही ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण प्रोग्राममधल्या लहानमोठ्या प्रत्येक तुकड्याचं नाव आक्का ठेवत, कारण कंपनीचा नियमच तसा होता. ज्याने लिहिलं त्याने नाव ठेवायचं नाही. आईबाप नाव ठेवतात का कधी? आत्या ठेवते.

नवा तुकडा लिहिला की त्याला नुसतं 'बाळ' म्हणायचं. बारा दिवस तो न अडखळता चालला तर बारसं, नाहीतर पुन्हा पहिल्या दिवसापासून. मला हे सगळं इलाही मुजावरने समजावून सांगितलं. तो तिथला सगळ्यात जुना माणूस, अतिशय गंभीर. वाहतुकीचे नियम सांगावेत तसं त्याने सांगितलं, की जे काम करायला उठतात, धावपळ करतात, ते तुकडे म्हणजे लेकीसुना. गोदावरी, विमल, अनसूया. जे एका जागी बसून दिलेलं धरून ठेवतात आणि विचारलं तरच बोलतात, ती घरातली वडीलधारी माणसं. तात्या, नाना, मामंजी. फक्त हो किंवा नाही म्हणणारे जावई. कधीच बदलत नाहीत ते देव. शीतगृहात तापमान किती खाली जाऊ द्यायचं त्या आकड्याचं नाव म्हसोबा होतं आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

"आणि चिमी कोण?" मी विचारलं. हे नाव मला सारखं दिसत होतं.

"चिमी आतली," इलाही म्हणाला. "चिमी, ठकी, बायडी, ही घरातली लाडाची नावं. बाहेरच्या माणसाने त्यांना हाक मारायची नाही. गोदावरीला सांगायचं, गोदावरी चिमीला सांगेल."

मी घरी जाऊन आईला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण दोनेक महिन्यांनी कुणा दुसऱ्याने लिहिलेलं, मी कधी न पाहिलेलं काम माझ्याकडे आलं. त्यात मला एक माधवराव दिसले आणि ते उघडून न बघताच मला कळलं, की हे गृहस्थ हो किंवा नाही यापलीकडे काही बोलणार नाहीत. पुण्यात चार वर्षं काढून मला हे सुख कधी मिळालं नव्हतं. त्यानंतर मी हसायची थांबले आणि बुक्केही जरा मनापासून घालायला लागले.

आक्का तेविसाव्या वर्षी सासर सोडून भावाकडे आल्या होत्या. 'तिकडं जमलं न्हाई' एवढंच घरात सांगत आणि त्यापुढे कुणी विचारत नसे. अण्णा तेव्हा शाळेत होते. पुढे अण्णांना तीन मुलं झाली, त्यांची नावं आक्कांनी ठेवली. मग घराचं ठेवलं, शेजाऱ्यांच्या वासरांची ठेवली. नाव ठेवण्यासारखं आसपास काही उरलं नाही तेव्हा एक दिवस त्या अण्णांच्या संगणकापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या एका तुकड्याकडे बोट करून ह्याचं नाव काय म्हणून विचारलं. अण्णांनी 'ए वन' सांगितलं. आक्कांना इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. माळ्यावरचा पाळणा त्यानंतर खाली आला.

स्वयंपाकघर वहिनींचं होतं. वहिनी चांगल्या होत्या, पण स्वयंपाकघर त्यांचं होतं. शेत अण्णांच्या धाकट्या भावाचं. त्या घरात आक्कांची स्वतःची म्हणावी अशी जागा पाळण्याशेजारची, बस्स.

आणि प्रभुणे नेमके त्याच जागेवर आले.

आमची दोन जुनी गिऱ्हाइकं त्या वर्षी सोडून गेली होती. अण्णांनी आम्हा पाच जणांना बसवून स्पष्टच सांगितलं, की नवं काम मिळालं नाही तर दिवाळीला कंपनी बंद. काम मिळण्याची आशा एकच होती. एक मोठी पुण्याची कंपनी गावोगावची शीतगृहं चालवायला घेत होती आणि त्यांचे धनंजय प्रभुणे नावाचे साहेब आमचा प्रोग्राम बघायला येणार होते. येण्याआधी त्यांनी नावं कशी ठेवावीत याची नियमावली पाठवली. चांगली जाडजूड होती. धरून ठेवणाऱ्यांना वस्तूचं नाव द्यावं, काम करणाऱ्यांना कामाचं द्यावं, हो-नाही सांगणाऱ्यांचं नाव प्रश्नासारखं असावं. नाव वाचताच काम कळलं पाहिजे. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की माणसांची, देवांची, प्राण्यांची व खाद्यपदार्थांची नावं चालणार नाहीत. म्हणजे खाद्यपदार्थांची ठेवणारेही कुठेतरी होते, याने इलाहीला थोडा धीर आला.

अण्णांनी ती नियमावली दोनदा वाचली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वृंदा, तू पुण्यात काम केलंयस. तुला ह्या पद्धतीची सवय हाय. सगळी नावं बदलून टाक." मी हो म्हणाले. तरी ते तिथेच उभे राहिले आणि पायाने फरशीवरचा नसलेला खडा सरकवत राहिले. "आन जमलं तर आक्काला तूच सांग," असं म्हणून ते मला उत्तर देता येण्याआधीच निघून गेले.

आक्का परसात लसूण सोलत बसल्या होत्या. वहिनींना लागणार होता म्हणून नव्हे, हाताला काहीतरी हवं म्हणून. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, कंपनीचं, दिवाळीचं, प्रभुण्यांचं. त्या ऐकत सोलत राहिल्या.

"समद्यांची बदलायची?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो, आक्का."

"वसंतरावाचं बी?"

"त्याचं आता 'इज डोअर क्लोज्ड' होणार."

"म्हंजी काय?"

"दार बंद आहे का."

आक्कांनी हातातली पाकळी ताटलीत टाकली. "ह्ये नाव न्हवं गं," त्या म्हणाल्या. "ह्ये त्याचं काम झालं." एवढं बोलून त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मला वाटलं, बरं निभावलं. माझी अक्कल तेव्हा तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी घरात कळलं, की आक्कांनी ट्रंक भरायला घेतली आहे. जतच्या पुढे त्यांच्या सासरचं गाव. नवरा कधीच वारला होता, पण धाकटा दीर होता, त्याच्याकडे त्या राहायला जाणार होत्या. त्यांनी कुणावर राग काढला नाही, आवाज चढवला नाही. वहिनी रडल्या, घर तुमचंच आहे म्हणाल्या. आक्का म्हणाल्या, व्हय, माझंच हाय, पण आता माझ्यावाचून काही अडत न्हाई, आन बसून दोन येळा भाकरी खायची मला लाज वाटती. अण्णांनी तिथं तुझं कोण आहे असं विचारलं. "हितं काय काम हाय?" असं त्यांनी उलट विचारलं. अण्णांना बहीणही हवी होती आणि काम मिळणंही हवं होतं. आम्हा पाच जणांच्या घरच्या चुली त्या कामावर होत्या. आक्कांनाही ते ठाऊक होतं आणि म्हणूनच त्या भांडल्या नाहीत.

पुढच्या चार दिवसांत मी सगळी नावं बदलली. गोदावरी गेली, विमल गेली, चिमी, ठकी, बायडी गेल्या. म्हसोबाचं नाव बदलताना इलाही उठून बाहेर गेला. तो बाहेर जाऊन काय करत होता ते मी विचारलं नाही, पण परत आला तेव्हा त्याच्या हातात नारळाची शेंडी होती.

प्रभुणे आले त्याच दिवशी आक्का निघाल्या. जतकडची एसटी दुपारी घरावरून जायची, हात केला की थांबायची. आक्का इस्त्रीचं लुगडं नेसून ऑफिसच्या पायरीशेजारी ओट्यावर ट्रंकेवर बसल्या. वहिनी आतून बाहेर आल्याच नाहीत. प्रभुणे गाडीतून उतरले तेव्हा आक्कांनी त्यांना बसल्या बसल्या नमस्कार केला आणि त्यांनीही वाकून केला. माणूस पस्तिशीचा, शांत, डोळ्यांखाली काळं, नीट झोप न मिळालेल्या माणसाचं असतं तसं. मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. मग मला स्वतःचाच आला.

आत येऊन त्यांनी प्रोग्राम उघडला आणि एकेक नाव वाचत गेले. खूश झाले. अण्णांना म्हणाले, एवढी स्वच्छ शिस्त त्यांनी पुण्यातही क्वचित पाहिली आहे. अण्णा खिडकीतून ओट्याकडे बघत होते. मग प्रभुणे म्हणाले, चालवून दाखवा. इलाहीने संगणकावरच सरावाचं नकली शीतगृह सुरू केलं आणि त्यांच्या सांगण्यावरून दोन नंबरच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं.

पडद्यावर लाल चौकोन आला. त्यात लिहिलं होतं, 'वसंतराव नाही म्हणतात.'

प्रभुण्यांनी चष्मा पुसला. नावं मी सगळी बदलली होती, पण शीतगृहावरच्या माणसांना दिसणाऱ्या सूचना वेगळ्या ठिकाणी होत्या आणि त्या आमच्या रोजच्या बोलण्यात इतक्या मुरलेल्या होत्या, की त्यांत काही वावगं आहे हे मला दिसलंच नव्हतं.

"वसंतराव कोण?" त्यांनी विचारलं.

"जावई," इलाही चटकन म्हणाला आणि मग त्याने जीभ चावली.

"यांना फोन करून बोलवता येईल का?"

तेवढ्यात चौकोन बदलला. 'विमल माहेरी गेली आहे. थोडा वेळ थांबा.' दूरच्या यंत्राकडून उत्तर यायला उशीर झाला, की हे यायचं. त्याखाली तिसरी ओळ उमटली, 'ठकी रुसली. गोदावरी समजूत घालत आहे.' प्रभुण्यांनी आमच्याकडे, मग खोलीतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. त्यांनी फार अदबीने विचारलं, की आमच्याकडे एकंदर किती माणसं कामाला आहेत आणि या बायकांच्या रजेचं नक्की काय धोरण आहे.

मला वाटलं, आता गेलं सगळं. आक्काही गेल्या, कामही गेलं. मग कुणीतरी बोलायला हवं म्हणून मीच बोलले. पाळणा, बारा दिवस, जावई, देव, घुगऱ्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. प्रभुणे हसले नाहीत. त्यांनी माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ही नावं ठेवणाऱ्या बाई कुठे आहेत?"

अण्णांनी खिडकीकडे बोट केलं.

प्रभुणे बाहेर जाऊन ओट्याच्या पायरीवर बसले, आक्कांच्या ट्रंकेच्या खालच्या बाजूला. आम्ही दारात गर्दी केली. त्यांनी आधी परीक्षा घेतल्यासारखे दोन-चार प्रश्न विचारले आणि आक्कांनी रस्त्याकडे डोळे ठेवून उत्तरं दिली. मग ते म्हणाले, की नात्यांची कल्पना त्यांना फार आवडली. पण वसंतराव या नावावरून दाराचं काही कळत नाही आणि नावावरून काम कळलंच पाहिजे.

"तुज्या नावावरनं कळतंय का तू काय करतुयास?" आक्कांनी विचारलं.

"माणसांचं वेगळं, आक्का."

"पोरं किती तुला?"

"एक मुलगी. नऊ महिन्यांची."

"नाव काय?"

प्रभुणे पायरीवरची धूळ बोटाने झाडायला लागले. आक्कांनी पहिल्यांदाच रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूहळू निघालं ते सगळं. मुलीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. तिच्या आईने आणि त्यांनी मिळून नावासाठी अटी ठरवल्या होत्या. नाव छोटं हवं, परदेशातल्या माणसाला म्हणता यायला हवं, दोन्हीकडच्या नातलगांत कुणाचं नको, त्याला चांगला अर्थ हवा आणि तो अर्थ तिला पुढे शोभायला हवा. एकेक नाव पाचही अटींवर घासून बघता बघता नऊ महिने गेले. दवाखान्यातून आणलं तेव्हा तिच्या मनगटावर 'बेबी प्रभुणे' अशी पट्टी होती, ती काढली तरी नाव तेच राहिलं.

माझ्या मागे इलाही हळूच म्हणाला, "बाळ." आणि त्याच्या आवाजात खरोखरीची कणव होती.

"आक्का, तुम्ही सुचवा एखादं," प्रभुणे म्हणाले. साहेब म्हणून बोलत नव्हते ते. रडकुंडीला आल्यासारखे बोलत होते.

"करती काय ती?" आक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारला नसावा, कारण ते सांगत सुटले. हातात दिलेलं खाली टाकते, उचलून दिलं की पुन्हा टाकते आणि ते पडल्याचा आवाज आला की आपल्यालाच शाबासकी दिल्यासारखी टाळ्या वाजवते. रात्रभर जागते. सकाळी ते ऑफिसला निघाले की झोपते. त्यांचा चष्मा ओढते. एवढं सांगताना त्यांचा चेहरा पार बदलून गेला.

"मग तुझ्या पुस्तकापरमाणं तिचं नाव 'टाकणारी' ठेव," आक्का म्हणाल्या. "नाव घेतलं की काम कळंल."

प्रभुणे दचकले. "असं कसं, आक्का? उद्या ती टाकायचं सोडून देईल."

"व्हय. आन मग?"

आक्का पुढे बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज लसूण सोलतानाचाच होता, तेवढाच खाली.

"काम बघून नातं लावायचं, बाबा. नाव आपलं मायेनं ठेवायचं. मी लगीन होऊन गेले, तवा सासूनं पैल्या दिवशी म्हटलं, ही आमची वंसाला दिवा लावणारी. चार वर्सं मला त्येच म्हणत हुते. लावणारे, हिकडं ये. लावणारे, पाणी आण. माझं नाव कुणी घेतलंच न्हाई. चार वर्सांत दिवा लागला न्हाई. मग त्येच त्वांड, तीच माणसं, वांझ म्हणाया लागली. वांझे, हिकडं ये. वांझे, पाणी आण. कामावरनं नाव ठेवलं ना, की काम जमलं न्हाई त्या दिशी त्या नावाची शिवी हुती. म्हून म्या इचारते, काय करतंय, आन मग त्याचं त्याला कळू न देता गोदावरी म्हणते. बंद पडली तरी गोदावरीच ऱ्हाती ती."

मी तिच्या सगळ्या लेकी चार दिवसांत पुसून टाकल्या होत्या आणि आता ती त्या लोकांच्या घरी निघाली होती, हे मला उभ्या उभ्या समजलं. इथवर मी त्यांना कायम आक्का, अहो, तुम्ही असं म्हणत आले होते. त्या क्षणी मनात त्या एकदम 'ती' झाल्या.

अण्णा माझ्या बाजूने वाट काढत पुढे आले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. ते तेव्हा शाळेत होते आणि 'जमलं न्हाई' हे त्यांनाही तेवढंच सांगितलेलं होतं. ते प्रभुण्यांना म्हणाले, "साहेब, जुनी नावं परत घालायची हायत. तुम्हाला काम द्यायचं तर द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." आम्हा पाच जणांची दिवाळी त्या एका वाक्यात पणाला लागली होती आणि आमच्यापैकी एकानेही हूं की चूं केलं नाही.

प्रभुणे म्हणाले, "आमच्या माणसांना जे दिसतं, त्याला आमचे नियम लागू. बाहेरच्या दाराला आमच्या पद्धतीची पाटी लावा. घरात कुणाला काय हाक मारायची ते मी कशाला सांगू?" मग त्यांनी एक अपवादही सांगितला, की लाल चौकोनातली वाक्यं मात्र आहेत तशीच ठेवावीत, कारण दार उघडं राहिलंय हे त्यांच्या ध्यानात इतकं पक्कं आजवर कधी राहिलं नव्हतं.

अण्णांनी मान हलवली. त्यांना हसायचं सुचलं नाही, आम्हालाही नाही.

"आता तरी तिचं नाव ठेवा," प्रभुणे आक्कांना म्हणाले.

"मी न्हाई ठेवायची." आक्का ठाम होत्या. "तुला भैन हाय?"

बहीण होती, नागपूरला. वडिलांच्या आजारपणात दोघांचं काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. मुलगी झाल्याचंही त्यांनी तिला दुसऱ्याकडून कळवलं होतं.

"मग तो मान तिचा हाय. माझा न्हाई." आक्कांनी पदराने तोंड पुसलं. "दुसरीचा मान मी घेऊ व्हय? लाव फोन."

प्रभुण्यांनी खिशातून फोन काढला आणि हातात धरून बसून राहिले. आम्ही आत जायला हवं होतं, पण गेलो नाही. शेवटी त्यांनी लावला. पलीकडून आवाज आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ताई, बाळाचं नाव ठेवायचं राहिलंय." पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. पण त्यांनी चष्मा काढून पायरीवर ठेवला आणि मनगटाने डोळे पुसले.

तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. आक्का ट्रंकेवरून उठल्या. हात करायला म्हणून त्या उठल्या, की नुसत्या उठल्या, ते मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनी पुढे होऊन ट्रंक उचलली, खांद्यावर घेतली आणि रस्त्याकडे पाठ केली. एसटी वेग कमी न करता घरावरून निघून गेली.

प्रभुणे अजून फोनवर होते. त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला. "ताई विचारतेय, मला फोन करायची बुद्धी कुणी दिली," ते म्हणाले. "तुमचं नाव काय सांगू?"

"सांग, आक्का म्हून."

"आक्का सगळ्यांच्याच आहात. नाव सांगा ना."

आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. चारेकशे नावं ठेवली होती त्यांनी त्या ऑफिसात आणि त्यांचं स्वतःचं आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. घरातल्या पोरांना त्या आत्या होत्या, वहिनींना वन्सं, बाकी जगाला आक्का.

अण्णा खांद्यावर ट्रंक घेऊन दारात थांबले होते. थोरल्या बहिणीचं नाव जन्मात कधी तोंडातून काढलं नसेल त्यांनी. ते अगदी हलक्या आवाजात, प्रभुण्यांना कळावं म्हणून म्हणाले, "हौसा."

आणि आक्कांनी ओ दिली.